उष्टी हळद

"म्हणजे काका, तुमचं लग्नच झालेलं नाही?"

पुढच्या सीटवर कुणाली एवढी वळून बसली, की धाकलूला गिअर टाकता येईना. मागे तिचा होणारा नवरा मितेश आणि मांडीवर कॅमेऱ्याची पेटी सांभाळत बसलेला फोटोवाला शाम, दोघंही खो खो हसले. मुंबईहून कसाऱ्यापर्यंत रेल्वे आणि कसाऱ्याहून जव्हारच्या राजवाड्यापर्यंत धाकलूची जीप, असा त्यांचा बेत. लग्न पुढच्या महिन्यात, फोटो आज.

"नाय झालं," धाकलू म्हणाला. "पोरगा बावीस वर्सांचा हाय."

"मग स्टेशनवर फोनवर बायको, बायको म्हणत होतात, ती कोण?"

"तीच. भिमी. आमच्याकडं घर आदी मांडतात, मांडव जमंल तेवा. आमाला जमायला तेवीस वर्सं लागली. आता दिवाळी झाली की संदेशचं हाय, त्याच मांडवात आमचं पन. आदी बापाचं, मग पोराचं."

"आमचे नुसते फोटो आधी," मितेश म्हणाला. "काका, तुम्ही तर अख्खा संसारच आधी उरकलात!"

धाकलूलाही हसू आलं. पुढच्या सीटवर कोण बसतं त्यावरून तो माणसं ओळखायचा. बाई न विचारता पुढे चढली की त्या जोडप्याचं बरं चालणार, हा त्याचा बारा वर्षांचा अनुभव. कुणाली न विचारता चढली होती. आणि काल भिमीसुद्धा. शहापूरच्या दवाखान्यात चार दिवस तापात काढून ती उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर घरी आली, ती या सीटवर बसून. आजचं भाडं तो सोडणार होता. तीच म्हणाली, "जा रे. सगल्या दुनियेला राजवाडा दाखवतोस. मला कदी नेलंस?"

"लगीन लागू दे. मग नेतो. अशीच पुढं बसवून."

"मग बघून ये, फोटोला कुठं उभं ऱ्हायचं ते."

कुणालीच्या मांडीवर पिवळी पुडी होती. धाकलूने विचारलं, "हळद?"

"हळद कसली," शाम मागून म्हणाला. "खरी हळद कपड्यावरून निघता निघत नाही. हा रंग. फुंकर मारली की गेला."

"मग लागली, त्ये कळनार कसं?"

"फोटोत कळतं ना, काका!"

खोडाळ्याच्या घाटात रेंज गेली. राजवाड्यासमोर गाडी उभी राहिली, तेव्हा धाकलूचा फोन एकदम जागा झाला. सात मिस्ड कॉल. सगळे मेव्हण्याचे. आठवाही त्याचाच आला. बहिणीला बघायला महादू सकाळीच धसईहून आला होता.

"दाजी," महादू म्हणाला. "ताई गेली. पेज पिऊन आडवी झाली ती उठलीच नाय."

धाकलू जीपच्या बॉनेटला टेकला. बॉनेट भाजत होतं. हात तिथेच राहिला.

"बाया म्हनतात, तिला अशी बिनलग्नाची, कोरी न्यायची नाय. हळद लावायची. पन तिला नवऱ्याची उष्टी लागते. आदी तुमाला लावतील, मग उरलेली तिला. तुमी या. सगली थांबलेत."

"दोन तास," धाकलू म्हणाला. गिऱ्हाइकांना सांगतो, त्याच आवाजात.

मग त्याने पाड्यातल्या जीपवाल्या रवींद्रला फोन लावला आणि या मंडळींना संध्याकाळी परत न्यायचं काम त्याच्यावर सोपवलं. कुणाली पायऱ्यांवर पुडी फोडत होती.

"ताई, मी निघतो. तुमाला न्यायला दुसरी गाडी येईल."

"का हो? काय झालं?"

धाकलूने तिच्या हातातल्या पुडीकडे बघितलं.

"लगीन हाय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"माजं."

"अहो, ते दिवाळीनंतर ना?"

"आजच ठरलं. सगली थांबलेत."

"बायकोला दम निघेना वाटतं!" मितेश ओरडला.

कुणालीने तर टाळ्याच पिटल्या. धाकलूला काही कळायच्या आत तिने पुडीत दोन्ही हात घातले आणि त्याच्या दोन्ही गालांना रंग चोपडला. "पहिली हळद आमची! शाम, फोटो घे, फोटो!"

शामने कॅमेरा डोळ्याला लावला. मागे राजवाडा अख्खा आला होता. "काका, थोडं हसा की. नवरदेव ना तुम्ही?"

धाकलू शामने दाखवलेल्या जागी नीट उभा राहिला. कुठं उभं राहायचं, ते त्याने बघून घेतलं.

मग तो गाडीत बसला. त्याने गाल पुसले नाहीत.

गाव मागे पडलं आणि रस्ता उताराला लागला. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून येताना काचा खालीच होत्या. वारा आत शिरला. गालावरची हळद उडून बाजूच्या रिकाम्या सीटवर पडायला लागली.

धाकलूने काच वर केली. मग वाकून पलीकडचीही केली.