सगळ्यात वरचा दिवा

फिरत्या घरातली मैल्याची टाकी रिकामी असली तरी सेन्सर ती भरलेली दाखवायचे. आतला चिकटा घासून निघावा म्हणून टाकीत बर्फ ओतून ड्वाइटने अर्धं ॲरिझोना पालथं घातलं, तरी ते सुधारले नाहीत. आज त्याने टाकी धुऊन वाळवली आणि बाहेरून नवे सेन्सर चिकटवले.

"आतून भिंतीला टेकेल तेच दिसेल, बाईसाहेब."

"बर्फाच्या वेळीही असाच छाती फुगवून बोलला होतास," त्याची बायको कोरिन म्हणाली.

भिंतीवरच्या पातळी दाखवणाऱ्या पट्टीतला सगळ्यात खालचा दिवा लागला.

"घ्या. कोरड्या टाकीत पूर."

तो विझला. त्याच्या वरचा लागला, विझला. मग त्याच्याही वरचा.

"पाणी असं खालचे दिवे विझवत चढत नाही," ड्वाइट पुटपुटला.

सगळ्यात वरचा लागला आणि तसाच राहिला. कोरिनचं हसू थिजलं. टाकीवर एकच फळी होती, तिच्यावर ज्युनीचं अंथरूण.

तान्ही ज्युनी पालथी होऊन, फळीला कान लावून खुदुखुदु हसत होती.