गुळाचा खडा

हॉटेलात उतरलेल्या बबनरावांनी अंबाडीच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि ते ताटावरच रडायला लागले.

पौर्णिमा घाबरून पुढं आली. कारंजा गावाबाहेरचं हे आठ खोल्यांचं महागडं हॉटेल तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, प्रसेनजितचं. हायवेवर मोठे बोर्ड लावले, सवलती दिल्या, तरी कुणी फिरकत नव्हतं. मग तिनं एक युक्ती काढली. पाहुणा येण्याआधी त्याला फोन करायचा, लहानपणी आईच्या हातचं काय आवडायचं ते विचारायचं आणि तेच रांधून वाढायचं. बघता बघता खोल्या भरू लागल्या.

"बाई, भाजीत गुळाचा खडा टाकाचं तुमाले कोनं सांगतलं?" बबनरावांनी विचारलं. "फोनवर मी हे बोललो नोहतो. तो फक्त माही माय टाके. तिले जाऊन जमाना झाला."

पौर्णिमा तडक स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकीण सोजरबाई भाकरी थापत होती.

"त्याइच्या मायनंच सांगतलं," ती सहज म्हणाली. "मांगं उभी होती. रोजच कोनी ना कोनी म्हातारी येते. मले वाटलं, तुमीच धाडता."

"या पाहुण्यांपैकी कोणाचीच आई हयात नाही, सोजरबाई. फोनवर सगळेच सांगतात तसं."

सोजरबाईनं पिठाचे हात धुतले, पिशवी उचलली आणि भरदुपारी घर गाठलं.

"हे फोन बंद करू," प्रसेनजित म्हणाला.

"मग येईल कोण?" पौर्णिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खोल्या भरलेल्या होत्या. पौर्णिमानं स्वतःच पदर खोचला. एका पाहुण्याला बेसनाच्या पातोड्यांची रस्साभाजी हवी होती. रस्सा उकळू लागला. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी पाठीशी गारवा जाणवला.

"पुनी, आच कमी कर. बुडाले लागून राह्यलं."

सवयीनं तिनं गॅस बारीक केला आणि हात तिथंच थांबला. पुनी तिला एकटी आईच म्हणायची. आई तर माहेरी, मानोरा गावी होती. सकाळीच फोनवर हसून बोलली होती.

ओट्यावरचा मोबाइल वाजायला लागला. मानोऱ्याहून भावाचा, धम्मरत्नचा फोन होता.

तिनं तो उचलला नाही. मागं वळूनही पाहिलं नाही. डोळे मिटले आणि हळूच विचारलं,

"अजून काय टाकू, आई?"