रस्त्याच्या कडेला

नवीकोरी गाडी चौथ्यांदा गॅरेजात गेली, तेव्हा मार्तंडराव कुंदाला घेऊन घाटकोपरच्या वकिलांकडे आले.

"ग्राहकांसाठी नवा कायदा झालाय. कंपनीकडून गाडी बदलून मागू," वकील म्हणाले.

"मागाच! दर रविवारी वाट लागते हो. मेकॅनिक येईपर्यंत रस्त्याच्या कडेला आम्ही दोघंच. करणार काय? बसतो आपले गप्पा मारत."

कुंदाला पवई तलावाजवळची परवाची दुपार आठवली. घरी वर्तमानपत्राआडून नुसते हुंकार देणारा हा माणूस तिथे तिला शेंगा सोलून देत होता, लहानपणीच्या खोड्या सांगत होता.

"गाडी तुमच्या नावावर आहे ना वहिनी? मग सही तुमची लागेल."

पेन हातात धरून कुंदाने हळूच विचारलं, "नवी गाडी कधीच बंद पडणार नाही का हो?"