हनुवटीवरची धूळ

दारानं हौसाबाईंना पुन्हा अडवलं. "चेहऱ्यावर धूळ आहे. पुसून या."

"धूळ तुझ्या डोळ्यात, मुडद्या! आईनं गोंदवलंय हे."

आता दारं माणसाला जुन्या फोटोंवरून ओळखत. म्हणून नातवानं हौसाबाईंच्या लग्नाच्या स्लाइड स्कॅन करून दाराला दिल्या. पण स्कॅनरनं स्लाइडवरची धूळ काढताना हनुवटीवरचे हिरवे ठिपकेही धूळ समजून काढले. तेव्हापासून दार त्यांना बाहेर सोडेना.

अंगणात पणतीचं बारसं होतं. सून मालन दारापाशी आली. "आत्याबाई, घ्या ना पुसून. न्हाणीतलं यंत्र क्षणात काढतं. नाव तुम्हीच ठेवायचंय."

"मेल्यावर गोंदणच तेवढं संगं येतं, बाई. सोनं तर तुम्ही काढून घ्याल. ठेवा नाव तुमचं तुम्ही."

मालन पाय आपटत गेली. पाळणा सुरू झाला. हौसाबाई बंद खिडकीला नाक लावून बघत राहिल्या. बाळाचा पहिला फोटो काढायचा होता. मालननं बोटावर काजळ घेतलं आणि ती बाळाच्या गालाकडे वाकली.

हौसाबाईंनी दोन्ही हातांनी काच बडवली.

"तीट लावू नको गं! नजर लागली तर लागू दे! पोरीला दार घरात घेणार नाही!"