आत कोणी नाही

"काय रे, दारावरचा पडदा आज तरी पळेल ना?" खाणीच्या साहेबांनी विचारलं.

"पळेल साहेब. डेटाबेसचं नवं पॅकेज आत्ताच बसवलंय," संगणकवाला म्हणाला.

खाणीत शिरताना नि बाहेर पडताना प्रत्येकानं दारावर कार्ड टेकवायचं; आत किती माणसं आहेत ते डेटाबेस मोजून पडद्यावर दाखवायचा. आकडा यायला उशीर लागे आणि पाळी सुटली की दारात झुंबड उडे.

पॅकेजला एक खोड होती. बसता बसताच ते वेग वाढवणारी जादाची सोय आपलं आपण चालू करी. म्हणजे एकदा दिलेलं उत्तर लक्षात ठेवायचं, नि पुन्हा कुणी विचारलं की मोजायचे कष्ट न घेता तेच तोंडावर फेकायचं. संगणकवाला ती सोय दर वेळी न विसरता बंद करायचा.

आज त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं; सोय तशीच चालू राहिली. सकाळीच फोरमन असलेल्या थोरल्या भावानं त्याला जेवणाच्या टेबलावर सोलून काढलं होतं. "धाकट्या, तुझं पोर काही तुझ्यासारखं बटणं कुरवाळत बसायचं नाही. त्याला मी खाणीत घेतो." आणि पोरगं खुशाल हसलं होतं. बापाचा शब्द पालथ्या घड्यावर पाणी, काकाचा मात्र काळ्या दगडावरची रेघ. एकुलतं पोर डोळ्यांदेखत हातचं चाललं होतं.

पाळी सुटली, माणसं बाहेर पडली. थोड्या वेळानं भोंगा झाला. खाली आग लागली होती. लोखंडी दार लावून हवा तोडली तरच ती विझणार होती.

साहेब पडद्याशी धावले. पापणी लवायच्या आत उत्तर आलं: शून्य.

ते शून्य पाळी सुटतानाचं होतं. संगणकवाल्यानं आपल्या खोलीत ताजी मोजणी केली. आत एक माणूस. कार्ड दादाचं. पंप बघायला एकटाच उतरला असणार.

"शून्यच ना रे? बोल लवकर!" साहेब ओरडले.

संगणकवाला खोलीच्या दाराशी आला.

"पडद्यावर दिसतंय तेच, साहेब."

दार बसलं. ना कुणी हात लावला, ना बोट. सोय पॅकेजनंच चालू केली होती. उद्या चौकशी झालीच तर यातला शब्दही खोटा ठरणार नव्हता. पोर आता बापाचंच राहणार.

वहिनीपुढं कसं कोसळायचं, याची उजळणी करत तो घरी पोचला. डोळे चोळून लाल केले. दार ढकललं.

पाठीखाली उशी घेऊन दादा खाटेवर आडवा पडला होता.

"भोंगा कसला रे झाला?" दादा कण्हत म्हणाला. "आणि एकटाच आलास? माझी कंबर धरली म्हणून माझं कार्ड घेऊन पंप बघायला तुझं पोरच गेलंय ना!"