ऐनाची फांदी

कोयता पुन्हा जागेवर नव्हता. काल गिरजानं तो स्वतःच्या हातानं भाताच्या कणगीमागे दडवला होता. आज तिथं काही नव्हतं.

भाताचं शेत भाजायला लागणाऱ्या राबासाठी फांद्या तोडायला दोघं रानात गेले आणि ऐनाची फांदी डोक्यात पडली, त्याला दोन महिने झाले. टेंगळापलीकडे काही नाही म्हणून हळद लावली आणि दोघं कामाला लागले. पण त्या दिवसापासून तिचा नवरा महिपत पार बदलला. भाजीत दोनदा मीठ घालून ठेवायचा आणि तिनं झापलं की मुकाट खायचा. तिच्या मागं मागं फिरायचा, तिच्या हातांकडं टक लावून बघायचा. गेल्या आठवड्यात तर त्यानं हद्दच केली. गिरजाला न विचारता चार वर्षांच्या वैष्णवीला किन्हवलीला आपल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. पोरीवाचून गिरजाच्या घशाखाली घास उतरेना.

“अवो, शहापूरला डाक्टरला दाखवू या का?” तिनं भीत भीत विचारलं. आता हा अंगावर धावून येणार, असंच तिला वाटलं.

“चल,” म्हणत त्यानं लगेच सदरा चढवला.

एसटीत त्यानं तिला खिडकीशी बसवलं. उन्हानं तिचं डोकं ठणकत होतं. किन्हवली आलं तशी ती ताडकन उठली.

“पोरीला घेते.”

“बस गो. येताना बघू.” त्यानं तिचं मनगट धरलं.

“सोडा! तुमी मारून टाकाल तिला!”

सगळी गाडी वळून बघू लागली. महिपतनं तिचं मनगट सोडलं नाही.

शहापूरच्या सरकारी दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीशी गिरजाच पुढं झाली. एकदा डॉक्टरनं याला औषध दिलं की पोर घरी येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

“पेशंटचं नाव?” आतल्या बाईनं विचारलं.

गिरजा अडखळली. लग्नाला सहा वर्षं झाली, नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिनं पदर सावरला आणि त्याला कोपरानं ढोसलं.

“तुमीच सांगा.”

महिपत खिडकीशी वाकला.

“गिरजा महिपत भेरे,” तो म्हणाला. “फांदी माज्याच हातनं सुटली, बाय. ही खाली मोळी बांधीत व्हती.”