ताईचा ळ

पियानोवाल्याने सुरुवातीची सुरावट तिसऱ्यांदा वाजवली, तरी बाईंनी तोंड उघडलं नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. हॉटेलच्या नाचघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, फरशी नुकतीच पुसलेली. संध्याकाळी इथेच बाईंचा सत्कार व्हायचा होता. दाराशी त्यांचं जुनं पोस्टर लावलं होतं. हातात पिसांचा पंखा, खांद्यावरून घसरलेला चंदेरी झगा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘मखमल’. हे नाव लोकांनी आवाजाला दिलं आणि मग ते बाईंनाच चिकटलं. आता त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गाणं रेकॉर्डवरून लागेल, बाईंनी माइकसमोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे, असं ठरलं होतं. एकदा तालीम करून बघू, एवढ्यासाठी सगळे जमले होते.

समोर एकच खुर्ची सरळ केलेली होती. तिच्यावर भाची बसली होती. तिची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, जाऊन दीड महिना झाला होता. ताईने सगळा जन्म बाईंचे झगे शिवण्यात घालवला. कार्यक्रम चालू असताना ती पडद्यामागे स्टुलावर बसून असायची, कुठे टाका उसवला तर म्हणून. भाचीला एवढंच माहीत होतं.

चौथ्यांदा सुरावट आली. बाईंनी हनुवटी वर केली, ओठ हलवले, आणि आवाज आला.

तोच आवाज. खालच्या पट्टीतला, जाडसर, रेंगाळणारा. बाई निर्धास्तपणे ओठ हलवत राहिल्या. अर्धं कडवं झाल्यावर त्यांची नजर लाइटवाल्याकडे गेली. तो रंगमंचाच्या कडेला उकिडवा बसून स्पीकरची वायर सोलत होता. प्लग त्याच्या मांडीवर होता.

बाईंनी ओठ मिटले. आवाज थांबला नाही.

पियानोवाल्याची बोटं अडखळली, पण क्षणभरच. ही गायिका प्रत्येक ओळ अर्धी मात्रा उशिरा उचलायची आणि तिच्यासाठी थांबायची त्याच्या हातांना सवय होती. तो वाजवत राहिला. बाईंकडे मात्र त्याने पाहिलं नाही. लाइटवाला मान वर न करताच म्हणाला की बाईंचा आवाज अजून खणखणीत आहे, मग रेकॉर्डचा खटाटोप कशाला.

भाची उठून उभी राहिली होती. ही गाणी तिच्या आईने घरात कधी लावू दिली नव्हती, त्यामुळे ती आज पहिल्यांदाच नीट ऐकत होती. गाण्यात ‘सावळी’ शब्द आला, पाठोपाठ ‘काजळ’. दोन्ही वेळा जीभ अक्षरावरून निसटली. ना धड ळ, ना धड ल.

“मावशी,” ती म्हणाली, “हा आईचा ळ आहे.”

बहिणीबहिणींचे आवाज सारखेच असतात, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. बाईंनी आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्यांचं तोंड बंद होतं आणि गाणं चालूच होतं.

“पहिली सहा वर्षं मी गायले,” त्या म्हणाल्या. “मग घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतरचं सगळं ताईचं. रेकॉर्डसुद्धा.”

“घरात ती कधी गुणगुणलीसुद्धा नाही.”

“मी तिला गळ्याशपथ घातली होती.” बाईंचा हात गळ्याकडे गेला. “माझ्याच गळ्याची.”

त्या मग पुष्कळ सांगत राहिल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकलं असतं तर बिंग फुटलं असतं. करार गेला असता, नाव गेलं असतं. ताईनेच म्हटलं होतं की तू लोकांसमोर उभी राहा, मला नाही जमायचं. हे सगळं खरं होतं, तरी बोलताना बाईंना आपलाच घोगरा, फाटका आवाज ऐकवेना. मागे ताई गात होती.

भाची तीन पायऱ्या चढून वर आली आणि तिने माइकमागच्या लाल पडद्याला हात घातला. बाईंनी तिचं मनगट धरलं.

“सरकवू नकोस गं. गाताना कुणी पाहिलेलं तिला आवडायचं नाही.”

“तिला, की तुला?”

बाईंनी मनगट सोडलं.

पण भाचीने पडदा सरकवला नाही. तिचा हात तसाच राहिला. बाई हळूहळू माइकपासून बाजूला झाल्या आणि पियानोला टेकून उभ्या राहिल्या. लाइटवाल्याची वायर जोडून झाली होती. त्याने दिवा लावला. उजेडाचं वर्तुळ रिकाम्या माइकवर पडलं. हे कुठे ठेवायचं, असं त्याने विचारलं.

“पडद्यावर,” बाई म्हणाल्या. “जरा खाली. ती बसून गाते.”

वर्तुळ सरकत गेलं आणि थांबलं. बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर लाल कापड हलकेच आत ओढलं जात होतं आणि बाहेर सुटत होतं. कडवं संपलं. कापड पुन्हा आत गेलं, या वेळी खोल.

भाचीने गुडघे टेकले आणि चेहरा त्या जागेच्या अगदी जवळ नेला. तिच्या कपाळावरची बट उडाली, आणि पुढची ओळ सुरू झाली.